काढा लपवू नका
कॅन्सरच्या उपचारासोबत झाडपाल्याचं औषध घेताना

गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज आटोपलं की सतरंजीवर बसल्या बसल्याच दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. बीपी, शुगर, गुडघेदुखी याबद्दल बाया मोकळेपणाने बोलतात. कॅन्सरचं नाव निघालं की आवाज खाली येतो. आणि त्यातली एक गोष्ट तर कानातच सांगितली जाते : "किमो चालू हाये, पन सोबत काढाबी देतो आमी. डॉक्टरले सांगतलं नाई माय, रागावते ना तो."

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गटांमध्ये फिरताना ही कानगोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे, की आज तिच्यावर मोठ्याने बोलायचं ठरवलं. काढा चांगला की वाईट, असा हा वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की दवाखान्यात कॅन्सरचा उपचार चालू असताना झाडपाल्याचं औषध घ्यायचं झालं तर कोणतं, कधी आणि कोणाला सांगून घ्यायचं.

सुरुवातीलाच सांगतो, झाडपाल्याची टिंगल आम्ही करणार नाही. आपला वऱ्हाड वनौषधींचाच मुलूख आहे. वर मेळघाटचं जंगल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. अमरावतीला, अकोल्याला आणि गुरुकुंज मोझरीला आयुर्वेदाची महाविद्यालयं आहेत. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात तर शेतकरी पानपिंपरी पिकवतात आणि ती औषधासाठी दूरदूर जाते. झाडात औषध असतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

सदाफुलीची पानं आणि सलाईनमधलं औषध

आपल्या अंगणातली सदाफुलीच घ्या. याच झाडातून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कॅन्सरची औषधं मिळाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या शास्त्रज्ञांना त्यातलं पहिलं सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये विन्क्रिस्टीन आजही दिलं जातं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन हा घटक असतो आणि त्यापासून बनवलेली औषधं किमोमध्ये वापरतात. म्हणजे "किमो हे केमिकल आणि झाडपाला नैसर्गिक" अशी जी भिंत आपण मनात उभी करतो, ती खरी नाही. किमोची कितीतरी औषधं झाडातूनच आलेली आहेत.

मग सदाफुलीची पानं चावून कॅन्सर बरा का होत नाही? एक ग्रॅम विन्क्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आणि मोठ्या माणसाला एका वेळी ते साधारण दोन मिलिग्रॅमच देतात, म्हणजे चिमटीत सापडणार नाही इतकं. तेही फक्त शिरेतून. थोडं जास्त झालं तर हातपाय बधिर होतात, जिवावरही बेतू शकतं. पानात ते किती आहे हे आपल्याला माहीत नाही, आणि पानात इतरही बरंच काही असतं, जे साखर आणि बीपी खाली आणतं. म्हणून औषध झाडातलं असलं तरी त्याचं माप आणि वाट महत्त्वाची. फवारणीच्या पंपात किती झाकणं औषध टाकायचं हे आपण जसं पाहून टाकतो, तसंच हे आहे. पंपात दोन औषधं विचारल्याशिवाय मिसळू नये हेही आपल्याला माहीत आहे. शरीराचंही तसंच आहे.

पानपिंपरी काय शिकवते

एक औषध दुसऱ्या औषधाची ताकद बदलतं, हे आपल्या जुन्या वैद्यांना पक्कं माहीत होतं. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतो. पिंपळी सोबत दिली की दुसरं औषध अंगी जास्त लागतं, म्हणून कितीतरी औषधांत ती घालतात. पिंपळीत आणि काळ्या मिऱ्यात पायपरिन नावाचा घटक असतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की हळदीतला कर्क्युमिन हा घटक नुसता दिला तर रक्तात फारसा उतरत नाही, पण सोबत पायपरिन दिलं तर त्याचं प्रमाण वीसपट वाढतं.

हे चांगलंच झालं, असं वाटेल. पण आता किमोच्या बाजूने बघा. आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, हे सीझनमधल्या जिनिंगसारखं आहे. कापसाच्या गाड्या रांगेत येतात, गेटातून आत जातात, माल मोकळा होतो. किमोचं औषधही यकृतात असंच मोकळं होतं आणि शरीराबाहेर जातं. डॉक्टर पेशंटची उंची आणि वजन मोजून, यकृत आणि किडनीचे रिपोर्ट बघून डोस ठरवतात. औषध किती वेळात बाहेर जाईल याचा त्यात हिशोब धरलेला असतो. पायपरिनसारखा घटक यकृतातलं एक गेट अर्धं बंद करतो. गाड्या रस्त्यावर तुंबतात. मोजून दिलेला डोस रक्तात जास्त वेळ राहतो आणि जास्त डोस दिल्यासारखा त्रास होऊ शकतो. काही वनस्पती याच्या उलट करतात, जास्तीचं गेट उघडतात. मग औषध काम करण्याआधीच निघून जातं. पेशंटला वाटतं काढ्याने बरं वाटतंय, त्रास कमी झाला. प्रत्यक्षात किमोचाच जोर कमी झालेला असू शकतो.

कोणतं झाड कोणत्या औषधाचं गेट बंद करतं आणि कोणाचं उघडतं, हे आपल्याला चव घेऊन कळणार नाही. शेजारणीलाही कळणार नाही. शेजारणीच्या जावेला जो काढा मानवला, तिची किमो वेगळी असेल. म्हणून विचारावं लागतं. विचारलं म्हणजे आपल्या आजीच्या ज्ञानाचा अपमान होत नाही. पिंपळी कशात घालायची आणि कशात नाही, हे वैद्यही विचार करूनच ठरवत होते.

हळद : वरणातली आणि डबीतली

सगळ्यात जास्त विचारतात ते हळदीबद्दल. वरणाभाजीत जेवढी हळद आपण रोज घालतो तेवढी चालते. हळदीत कर्क्युमिन शंभर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम असतं आणि आपण चिमूटभर हळद घालतो. पण बाजारात कर्क्युमिनच्या गोळ्या मिळतात आणि त्यात बहुतेक वेळा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. ही झाली डबीतली हळद. तिला खाणं म्हणू नका, ते औषध आहे.

स्तनाच्या कॅन्सरनंतर पुष्कळ बायांना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं चालते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ही गोळी घेणाऱ्या १६ रुग्णांचं रक्त तपासलं. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर त्याचं जे कामाचं रूप तयार होतं, ते कर्क्युमिनच्या गोळ्या सोबत घेतल्यावर कमी झालेलं दिसलं. मिऱ्याचा अर्कही सोबत होता तेव्हा ते आणखी, साधारण बारा टक्क्यांनी कमी झालं. काही बायांच्या शरीरात ते मुळातच काठावर असतं. त्यांना एवढा फरकही महाग पडू शकतो. तेव्हा हळद भाजीत राहू द्या, डबी डॉक्टरांना दाखवा.

ताप आणि गुळवेल

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाचता वाचता दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नका.

आपल्याकडे ताप आला की पहिला हात गुळवेलीकडे जातो. किमो चालू असताना हे करू नका. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराची राखण. त्या दिवसांत आलेला ताप हा साधा ताप नसतो, काही तासांत जंतू रक्तात पसरू शकतात. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप दिसला, थंडी वाजून आली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. काढा नाही, घरातली तापाची गोळीही विचारल्याशिवाय नाही, आणि "सकाळपर्यंत पाहू" तर अजिबात नाही. किमो घेणाऱ्या प्रत्येक घरात थर्मामीटर हवाच. कोणाच्या घरी नसेल तर गटाने मिळून घेऊन द्या.

गुळवेलीबद्दल आणखी एक. करोनाच्या काळात गावोगावी गुळवेलीचे काढे झाले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, की ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वेल खरंच गुळवेल होती का याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण या वादात न्यायाधीश व्हायचं कारण नाही. दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी आपल्या कामाची गोष्ट एकच निघते : कुंपणावरची वेल कोणती हे नक्की माहीत नसताना, आणि यकृतावर किमोचा भार असताना, तिचा काढा घेणं धोक्याचं आहे.

आणखी काही, घरोघरी घेतलं जाणारं

लसूण आणि आलं फोडणीत, चहात चालतं. पण लसणाच्या, आल्याच्या कॅप्सूल किंवा रोज उपाशीपोटी भरपूर लसूण, याने रक्त पातळ होऊ शकतं. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर असं काही घेत असल्याचं आधीच सांगा. बहुतेक डॉक्टर झाडपाल्याची औषधं ऑपरेशनच्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात.

ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. किमोने उलट्या-जुलाब होत असतील तर ते आधीच उतरलेलं असतं. कोरफडीचा रस पोट सैल करतो, जुलाब होणाऱ्या पेशंटला तो देऊ नये. कारल्याच्या रसाने साखर उतरते. ज्या बाईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत आणि जेवण जात नाही, तिला चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही.

गव्हांकुराचा रस, कच्च्या पानांचे रस यांची अडचण जंतूंची आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं, नीट न धुतलेलं काहीही नको. शिजवलेलं, ताजं, झाकलेलं खाणं सगळ्यात बरं.

लक्ष्मणफळ किमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान, असा मेसेज मोबाईलवर फिरतो. तसं माणसांवरच्या अभ्यासात कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा वर्षानुवर्षं घेणाऱ्या कॅरिबियन बेटांवरच्या लोकांमध्ये कंपवातासारख्या आजाराशी त्याचा संबंध दिसला आहे.

सोबत म्हणता म्हणता ऐवजी

इथपर्यंत आपण झाडपाल्याच्या गुणाबद्दल बोललो. पण आमच्या मते सगळ्यात मोठा धोका झाडात नाहीच. तो आपल्या एका शब्दात आहे. आपण म्हणतो "सोबत", आणि हळूहळू ते होतं "ऐवजी".

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात असे २८१ रुग्ण होते, की ज्यांनी बरा होऊ शकणारा कॅन्सर असूनही दवाखान्याचा उपचार नाकारला आणि फक्त दुसरे उपाय केले. दवाखान्याचा उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहूनही जास्त.

दुसरा अभ्यास आपल्या आजच्या प्रश्नावरचाच आहे. यातल्या २५८ रुग्णांनी दवाखान्याचा उपचार घेतला आणि सोबत दुसरे उपायही केले. त्यांच्यातही मृत्यूचा धोका दुप्पट निघाला. का? त्यांच्यातल्या शंभरातल्या ३४ जणांनी पुढे किमो नाकारली, ५३ जणांनी रेडिएशन नाकारलं, ७ जणांनी ऑपरेशन नाकारलं. जे दुसरे उपाय करत नव्हते त्यांच्यात किमो नाकारणारे शंभरात तीन होते, रेडिएशन नाकारणारे दोन, आणि ऑपरेशन नाकारणारा शंभरात एकही भरत नव्हता. अर्धवट सोडलेल्या उपचाराचा हिशोब धरल्यावर धोका तिथूनच आलेला दिसला. सोबत घेतलेल्या वस्तूपेक्षा तिच्या भरवशावर जे सोडून दिलं, त्याने नुकसान केलं.

हे अमेरिकेतलं झालं, पण आपल्या गावात ते रोज दिसतं. आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंच्या स्तनात गाठ होती. तपासणी झाली, ऑपरेशनची तारीखही मिळाली. कोणीतरी सांगितलं, "चाकू लावला की पसरते." मग लेप आणि पुड्या सुरू झाल्या. सुरुवातीला घरचे म्हणत होते, एवढा महिना लेप लावून बघू आणि मग ऑपरेशनला जाऊ. त्या महिन्याचे सहा महिने झाले. गाठ फुटली तेव्हा त्या दवाखान्यात परत गेल्या. आधी किमो द्यावी लागली, ऑपरेशन मोठं झालं, खर्च वाढला, आणि आजही त्यांचा उपचार चालू आहे. चाकू लावल्याने कॅन्सर पसरतो हा समज खरा नाही. वेळ गेल्याने पसरतो, हे मात्र खरं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्याचा कॅन्सर लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब अशा आहाराने बरा झाल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ खेड्यापाड्यांत पोचला. तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी मिळून पत्रक काढलं : हळद, कडुनिंब यांवर संशोधन चालू आहे, पण ते कॅन्सरवरचा उपाय म्हणून वापरावेत असा पुरावा आज नाही, त्यांच्या भरवशावर उपचार लांबवू नका. त्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं, किमोही झाली होती. पुढे सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचाराला जोड म्हणून घेतल्याचं सांगितलं. पण पहिला व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्या सगळ्यांपर्यंत ही पुढची गोष्ट गेली असेल का, याचा विचार करा.

मग सोबत काय करावं?

पुष्कळ काही करता येतं. पोटभर आणि ताकदीचं खाणं हा सगळ्यात मोठा आधार. डाळ, अंडी, दूध, दही, शेंगदाणे, चालत असेल तर मासे किंवा मटण. "कॅन्सरमध्ये हे खाऊ नको, ते खाऊ नको" म्हणत पेशंटला अर्धपोटी ठेवू नका. वजन उतरलं तर किमो पुढे ढकलावी लागते. पांढऱ्या पेशी कमी असतील तेव्हा दूध उकळलेलं, अंडं पूर्ण शिजलेलं द्या, आणि दह्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

तोंड आलं तर कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून गुळण्या करा. हे डॉक्टरही सांगतात. मळमळीला आल्याचा हलका चहा काही जणींना बरा वाटतो. उलट्यांच्या गोळ्या मात्र त्यासाठी बंद करू नका.

योगाचंही सांगतो. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायांवर अभ्यास झाला. निम्म्या बायांना उपचारासोबत योग शिकवला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. योग करणाऱ्या बायांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं आणि त्यांचं जगणंही सुधारलं. यात सोपी आसनं, विश्रांती आणि श्वासाचे व्यायाम होते, आणि शिकवणारं माणूस होतं. योग उपचाराऐवजी नव्हता, उपचारासोबत होता. "सोबत" याचा खरा अर्थ हाच.

काय अजिबात नको

गाठीवर कोणताही लेप नको. डाग देणं नको. रेडिएशन, ज्याला आपण शेक किंवा सेकाई म्हणतो, ते चालू असताना त्या जागेवर हळद, तेल, कोरफड, काहीही विचारल्याशिवाय लावू नका. तिथली कातडी भाजल्यासारखी नाजूक झालेली असते.

बिननावाची पुडी नको. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल तर ती घेऊ नका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागात दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती तर लेबल लावलेली औषधं होती. भस्म घ्यायचंच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडूनच, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगूनच.

भोंदू ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. तो शंभर टक्के खात्री देतो. सगळ्या प्रकारच्या कॅन्सरला एकच औषध देतो. रिपोर्ट बघत नाही. बिल देत नाही. आणि "आधी किमो बंद करा" म्हणतो. हे शेवटचं वाक्य ऐकलं की चप्पल घाला आणि निघा. चांगला वैद्य तुमचे रिपोर्ट मागेल आणि चालू उपचार मोडायला सांगणार नाही. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषध आणि चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

औषधाची वही

आमच्या गटांना हिशोबाची सवय आहे. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण वही उघडतो. तशीच पेशंटच्या नावाची एक वही करा. त्यात लिहा : औषधाचं नाव काय, कोणी दिलं, किती घेते, केव्हा घेते, कधीपासून घेते. डॉक्टरांच्या गोळ्या, वैद्यांचा काढा, मेळघाटातल्या भूमकाने दिलेली मुळी, नणंदेने आणलेली डबी, सगळं एकाच वहीत. डबी असेल तर डबी पिशवीत टाका, वनस्पती असेल तर पानासकट फांदी न्या.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हे माझ्या औषधासोबत चालेल का? किमोच्या किंवा ऑपरेशनच्या किती दिवस आधी बंद करू? पुन्हा केव्हा सुरू करू? ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, कधी रागावतीलही. रागावले तर ऐकून घ्या, पण वही पुढे करा. निदान सिस्टरला सांगून केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टर "आत्ता बंद करा" म्हणाले तर बंद करा. उपचाराचे महिने मोजके असतात, काढा नंतरही विचारून घेता येतो. आणि जी बाई औषध लपवते तिला बोल लावू नका. बहुतेक वेळा तिने ते स्वतःहून घेतलेलं नसतं. सासूने, भावाने, माहेरच्या माणसाने जीव लावून आणलेलं असतं, नाही म्हटलं तर त्यांचं मन दुखेल ही तिची भीती असते. अशा वेळी गटातल्या दोघी तिच्या घरी जाऊन बसल्या तर बोलणं सोपं होतं.

पैसा आणि शेवटचा टप्पा

उपचार सोडण्याचं खरं कारण पुष्कळदा पैसा असतो आणि नाव काढ्याचं होतं. म्हणून हेही सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन येतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज स्वतः कॅन्सरनेच आजारी होते, १९६८ मध्ये ते गेले. मुंबईला टाटामध्ये जावं लागलं तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. आपल्याच जिल्ह्यातले हे दोन संत. एकाच्या नावाने उपचार होतो, दुसऱ्याच्या नावाने निवारा मिळतो. जाण्यायेण्याच्या खर्चाला गटाचं अंतर्गत कर्ज आहेच.

कधी कधी डॉक्टर सांगतात, की आता आजार बरा होणार नाही. त्या वेळी घर सैरभैर होतं आणि पुडीवाल्याला तोच मोका असतो. अशा वेळी दुखणं कमी करणारा उपचार मागा. त्याला पॅलिएटिव्ह उपचार म्हणतात. त्यात मॉर्फिनसारखी दुखण्याची औषधं मिळतात. त्या दिवसांत पेशंटला आवडता चहा, तुळशीचा काढा, आईच्या हातचं काही हवंसं वाटलं, तर डॉक्टरांना विचारून जरूर द्या. पण शेत विकून पुड्या आणू नका. जाणाऱ्या माणसालाही मागे राहणाऱ्या लेकरांची काळजी असते.

येत्या बैठकीत हप्ता जमा झाल्यावर एवढंच विचारा : आपल्यात, आपल्या घरात, आपल्या गल्लीत कोणाचा कॅन्सरचा उपचार चालू आहे? तिच्याकडे थर्मामीटर आहे का? तिची औषधाची वही आहे का? नसेल तर गटाच्या कपाटातली एक कोरी वही काढा आणि दोघी जणी आजच तिच्या घरी जा.